गळकं बेसिन आणि आण्णांचं पाणी

आमच्या बाथरूममधलं बेसिन गळायला लागलं तेव्हा मला त्याचा फारसा त्रास झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी हात धुतले की पुढे बराच वेळ बेसिनखालच्या पाइपाच्या जोडातून एकेक थेंब यायचा, लोंबकळत राहायचा आणि मग खाली ठेवलेल्या बादलीत पडायचा. दुपारी मी शिकवते ती शाळा सुटली, मी घरी आले, हातपाय धुतले, की बाथरूमच्या उंबऱ्यावरच टेकायचे. वरच्या खिडकीतून ऊन थेट बादलीत उतरलेलं असायचं आणि त्याचा कवडसा छतावर हलत असायचा. थेंब पडला की छतावरचं ते ऊन फुटायचं, पसरायचं आणि हळूहळू पुन्हा गोळा व्हायचं. ते बघताना माझे डोळे जड व्हायचे आणि गॅसवरचा चहा खुशाल उतू जायचा.

तसं वायाही काही जात नव्हतं. आमच्या नगर शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे इथल्या बायका पाण्याचा थेंब बघतात तो हिशेबानंच. बादली भरली की ती झाडांना जायची किंवा फरशीला. यांना सांगितलं की हे म्हणायचे, "रविवारी बघतो." आठवडाभर नागापूरच्या कारखान्यात मशिनींची पोटं उघडून बसणारा हा माणूस घरी आला की त्याला पाना कशाशी खातात तेही ठाऊक नसतं. किती रविवार आले आणि गेले. मी फार मागे लागले नाही. मला तो थेंब आवडायला लागला होता, पण असं कुणाला सांगता येत नाही.

मग आण्णा आले, मोतीबिंदू काढायला.

आण्णा म्हणजे माझे वडील. कोपरगावकडच्या आमच्या गावात कालव्यावर ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुठल्या चारीला, म्हणजे कुठल्या पोटपाटाला सोडायचं, कुणाच्या उसाला किती वेळ द्यायचं आणि दार कधी पाडायचं, हे सगळं पाटकऱ्याच्या हातात. मोठमोठे बागाईतदार त्यांना वाटेत थांबवून रामराम घालायचे. आण्णा रामराम घ्यायचे आणि सायकल पुढे काढायचे. कामावर असताना कुणाच्या वस्तीवर ते चहा तर सोडाच, पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. सायकलला स्वतःची बाटली अडकवलेली असायची. ज्याच्या घरचं पाणी प्यायलो त्याच्या शेतात आपलं पाणी जास्त वेळ थांबतं, असं त्यांचं म्हणणं. गावातले लोक त्यांना हट्टी म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या हट्टी माणसानं माझ्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं.

आमच्याकडे जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. आता हे पाळतं कोण? माझे दोन्ही चुलते येतात, पोहे खातात, चहा पितात आणि वर सरबत मागतात. आण्णा मात्र पाळत आले. मला दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा टिकलं नाही, आणि पुढे कधी राहिलेच नाहीत. आता माझे केस रंगवायला आलेत. तरी आण्णा सकाळच्या एसटीनं यायचे, बाहेरच्या खोलीत ताठ बसायचे, माझ्याकडे बघून घ्यायचे, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचे आणि उन्हं कलायच्या आत परत जायचे. त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दुखवलं नाही. पण मी पुढे केलेला तांब्या दर वेळी तसाच परत आत न्यावा लागायचा. माझं घर अजून घर झालेलं नाही, हे जगात बाकी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

या वेळी मात्र राहणं भाग होतं. ऑपरेशन झालं, पण पुढच्या तपासणीपर्यंत गाव गाठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आण्णा काळा गॉगल लावून रिक्षातून उतरले, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात गावाकडच्या पाण्याचा कॅन. तो कॅन बघून हे हसले. मी हसले नाही.

कॅन संपल्यावर शेजारच्या काकू धावून आल्या. "आण्णा, पाणी आमच्याकडचं घ्या, जेवायलाही आमच्याकडेच या," त्या म्हणाल्या. मग रोज असं सुरू झालं: मी माझ्या गॅसवर आमटी-भाकरी करायची, डबा पदराखाली झाकून काकूंच्या मागच्या दारानं आत न्यायचा, आणि काकूंनी पुढच्या खोलीत आण्णांना वाढायचं. आण्णा जेवून आले की म्हणायचे, "काकूंच्या हाताला चव हाय." काकूंचं पाणी आणि माझं पाणी मुळा धरणातून एकाच पाइपानं येतं, एकाच दिवशी, एकाच वेळी. हे त्यांना, पाटकऱ्याला, मी काय सांगणार?

आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा बाहेरच्या खोलीत पडले होते. एकदम मान उचलून म्हणाले, "बाई, कुठंतरी पानी चाललंय."

"बेसिन गळतंय, आण्णा. बादली ठेवलीय खाली."

"गळतंय आन् तू निजतीस?"

मी म्हटलं, तुम्ही पडून राहा, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते उठले, भिंतीला हात लावत आले आणि बाथरूमच्या दाराशी प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसले. मी उंबऱ्यावर, ते स्टुलावर. मध्ये तो थेंब. छतावरचा कवडसा त्यांना दिसत नव्हता, मीही दाखवला नाही. दुपारच्या त्या सुस्तीत ते डोळे मिटून बोलत राहिले. पाणी चारीत शिरलं की आधी बेडूक गप्प होतात, मग कोरडी माती सूंऽ करते, मग वास येतो, आणि पाणी दिसतं ते सगळ्यात शेवटी, असं काहीबाही. कुठल्या चारीला पाणी चाललंय ते त्यांना बांधावर बसून नुसतं ऐकून कळायचं. मी ऐकत होते की झोपेत होते ते मलाच कळत नव्हतं. कुठेतरी लांब उसाची पानं घासल्यासारखा आवाज येत होता. तो बाहेर कुणीतरी खराटा मारत असल्याचा होता, हे नंतर लक्षात आलं. असं वाटत होतं की ही दुपार अशीच राहावी, तपासणीचा दिवस येऊच नये.

अशाच आणखी काही दुपारी गेल्या आणि एक दिवस शाळेतून आले तर घर चमत्कारिक शांत होतं. बाथरूममध्ये गेले. थेंब नव्हता. बेसिनखालच्या जोडावर मातीचा भलाथोरला गोळा थापलेला, वरून यांच्या जुन्या बनियनची चिंधी करकचून बांधलेली. तुळशीच्या शेजारची कुंडी अर्धी रिकामी. आण्णा दारात उभे, बोटांना माती, चेहऱ्यावर कालवा बांधून काढल्याचा आनंद.

"चारीला भगदाड पडलं की आमी असंच बुजवायचो," ते म्हणाले.

"आण्णा, तुम्हाला वाकायचं नव्हतं!"

"वाकलो कुठं? मान ताठ ठिवून खाली बसलो. हातानंच केलं. डोळ्याचं काय काम हाय त्यात?"

लेकीच्या घरी दिवसच्या दिवस नुसतं बसून राहणं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "छान झालंय." आणि खरंच, त्या वेळी एक थेंब येत नव्हता.

संध्याकाळी हे कामावरून आले आणि तोंडाला साबण लावून बेसिनवर वाकले. भरपूर पाणी सोडलं. खाली गोळा आधी भिजला, मग चिंधीतून निसटला, आणि पांढऱ्या फरशीवर सगळा चिखल. हे डोळे मिटून चिखलात उभे, पाय सरकतायत, तोंडावर फेस. "अगं, घरात कालवा आणलाय का कुणी?" असं यांनी ओरडून विचारलं. मला हसू आवरेना. हसता हसता वळून बघितलं तर मागे आण्णा. त्यांनी गॉगल काढून हातात धरला होता आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"मातीच खोटी," ते पुटपुटले. खाली बसून त्यांनी चिमूटभर चिखल बोटांत चोळला. "ही कसली माती? नारळाचा भुसा हाय नुसता. आपल्याकडची काळी असती तर हाललं नसतं."

ते बरोबर होतं. कुंडीतली माती नर्सरीतल्या पिशवीतली होती. पण फरशी धुऊन मी बाहेर आले तेव्हा आण्णा त्यांची पिशवी भरत होते.

"तपासनी झाली की तसाच गाडीत बसतो," ते म्हणाले. "तुला काम वाढवून ठिवलं."

तपासणी परवावर होती. मला एकदम कळलं की या खेपेला गेले तर आण्णा पुन्हा राहायला येणार नाहीत. डोळा एकच करायचा होता, तो झाला. राहायला दुसरं निमित्त कुठून आणू? आणि एवढे दिवस माझ्या छपराखाली काढून ते माझ्या घरचं घोटभर पाणी न पिता जाणार. रात्री मी यांच्यावर विनाकारण चिडले. बेसिन वेळेत दुरुस्त केलं असतं तर, असं काहीतरी बोलले. हे बिचारे ऐकून घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. नवा वेस्ट पाइप, त्याचं नट आणि रबरी वायसर घेतलं. प्लंबरला फोन केला असता तर तोही रविवारी बघतोच म्हणाला असता. साडी खोचली, फरशीवर जुना टॉवेल अंथरला आणि बेसिनखाली उताणी शिरले. आण्णा वर, स्टुलावर, नळाजवळ. त्यांना मी एवढंच काम दिलं होतं, सांगेन तेव्हा नळ सोडायचा आणि सांगेन तेव्हा बंद करायचा.

खालून जग वेगळंच दिसतं. बेसिनचं पांढरं पोट, त्यावर गंजाचा ओघळ, खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगणारी धूळ, आणि बेसिनच्या कडेपाशी आण्णांचं कोपर. चेहरा दिसत नव्हता. जुनं नट हातानंच फिरलं. आत चिखल, केस, साबणाचा काळा गाळ. तो काढून मी जोड पुसला, वायसर बसवलं, नवा पाइप चढवला, नट आवळलं. खाली कोरडा पेपर पसरला.

"सोडू का?" वरून आवाज आला.

"सोडा."

"आलं का?"

आणि मी लहानपणच्या परकर-पोलक्यात चारीच्या टोकाला उभी होते. लांब वर, दारापाशी, आण्णा ठिपक्याएवढे. पाणी माझ्या पायांपर्यंत पोचलं की मी ओरडायचं, एवढंच माझं काम. उन्हात चारीच्या तळाला भेगा पडलेल्या. मग गवताच्या काड्या, फेस आणि मुंग्या पुढे घालून ते पिवळं पाणी सरपटत यायचं, माझ्या अंगठ्याला लागायचं, आणि मी सगळा जीव एकवटून ओरडायचे, "आलं, आण्णा, आलं!"

कपाळावर गार थेंब पडला. मग दुसरा. पेपरावर ओले डाग उमटायला लागले.

"आलं का, बाई?"

"गळतंय," मी म्हटलं. "बंद करा."

नळ बंद झाला. मी नट पुन्हा आवळलं, पुन्हा सोडायला सांगितलं, पुन्हा थेंब. तिसऱ्यांदा पाणी माझ्या गालावरून कानात गेलं आणि माझं डोकं फिरलं. तिथे पडल्या पडल्याच मी बोलले. त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुतेक बोलू शकले.

"आण्णा, आता मला मूल होणार नाही. ते वय गेलं. तुम्हाला माहीत आहे ना? मग तुम्ही माझ्या घरचं पाणी पिणार कधी? मी मेल्यावर?"

पाइपातून उरलेलं पाणी टपटपत होतं.

"शेजारणीकडे जाऊन जेवता," मी थांबेनाच. "लोकांना काय वाटतं? माझ्या हातचं इतकं वाईट आहे?"

"जेवन तुजंच जेवतोय की रोज," आण्णा शांतपणे म्हणाले. "काकू वाढतीय. पन आमटीत कोकम तूच टाकतीस, तुज्या आईसारखी. माजा डोळा गेलाय, जीभ न्हाई."

एवढ्या रडव्या तोंडानंसुद्धा मला हसू फुटलं.

"मग पाणी का नाही?"

त्यांचं कोपर बेसिनच्या कडेवरून खाली गेलं. मग आवाज आला, आणि तो पाटकऱ्याचा नव्हता.

"पान्याचं येगळं हाय, बाई. जेवलो तरी मनाला सांगता येतं का काकूच्या घरचं हाय. पानी प्यालो म्हंजी मी म्हनलो का आता न्हाई व्हायचं. डाक्टर म्हनू दे, लोक म्हनू दे. बापानं कसं म्हनायचं? एकदा तुजी आई म्हनली, घ्या आता, पोरीला बरं वाटंल. मी तिला बोललो, मी घोट घेतला का संपलं. जवर मी घेत न्हाई तवर कुनीतरी वाट बगतंय तुज्यासाठी."

मी बेसिनखाली पडून राहिले. मला वाटायचं, ते माझं उणं मोजतात. या सगळ्या वर्षांत ते माझ्यासाठी एक दार उघडं धरून उभे होते, आणि मी त्यांच्यावर रुसत होते. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण तसं रडायला तिथे जागाच नव्हती. म्हणून मी नट पुन्हा काढलं. वायसर हातात घेऊन बोटानं चाचपलं. एका बाजूनं ते सपाट होतं, दुसरीकडून उतरतं. मी ते उलटं बसवलं होतं. सरळ केलं, नट फिरवलं आणि ओला पेपर काढून कोरडा टाकला.

"सोडा," मी म्हटलं.

पाणी वरून खळाळत आलं आणि पाइपातून निघून गेलं. मी जोडाखाली तळहात धरला. हात कोरडा राहिला. पुन्हा बेसिन भरून सोडायला लावलं, तरी कोरडा. पेपरावर माझ्या बोटांचे डाग होते, पाण्याचा एकही नव्हता.

"बसलं," मी म्हटलं आणि सरपटत बाहेर आले.

आण्णा स्टुलावर बसले होते. गॉगल मांडीवर. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि दुसऱ्यातूनही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, येऊ द्यायचं की नाही ते कुणीच सांगितलं नव्हतं. मी हात धुतले, डॉक्टरांनी दिलेला कापूस आणला आणि त्यांचे गाल टिपले.

"तांब्या आन," ते म्हणाले.

मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. "काकूंकडून आणू?"

"न्हाई."

"राहू द्या, आण्णा. मी उगीच बोलले. खरंच राहू द्या."

"आन म्हनलं ना."

मी स्वयंपाकघरात गेले. माठातून तांब्या बुडवून काढला आणि पदरानं पुसला. आण्णा बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकून, तसेच ताठ बसले होते. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर त्यात बघितलं, आणि मान फार मागे न टाकता, डॉक्टरांचं ऐकून, सावकाश प्यायला लागले. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती. इतकी वर्षं मी याचीच वाट बघितली होती. आणि आता ते समोर घडत असताना मला वाटत होतं की तांब्या त्यांच्या हातातून ओढून घ्यावा आणि म्हणावं, थांबा, आण्णा, अजून थोडे दिवस थांबा.

त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.